पहिला टांका

पुण्याहून सुटलेली लोकल गाडी तळेगांव मागें टाकून लोणावळ्याच्या वाटेला लागली, म्हणजे दोहों बाजूंस मावळचा मुलूख उलगडूं लागतो. वडगांव, कान्हे, कामशेत, मळवली हीं स्टेशनें एकामागून एक येतात. डाव्या हाताला लोहगड-विसापूरची जोडी उभी राहते, उजवीकडे कार्ल्याचा डोंगर दिसतो, आणि अधूनमधून इंद्रायणीचें पात्र गाडीची सोबत करतें. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हा मुलूख परिचयाचा आहे. पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास, उन्हाळ्यांत हवापालट करण्यास तीं येथें येतात आणि परततांना चिक्कीचे पुडे घेऊन जातात. परंतु रुळांपासून आंत, आंदर मावळांत, नाणे मावळांत किंवा पवनेच्या खोऱ्यांत ज्या वाड्या डोंगरांच्या कुशींत बसल्या आहेत, तेथवर फारच थोड्यांचे पाय पोंचतात. आजचें भाषण अशाच एखाद्या वाडींत जन्मलेल्या बाळाविषयीं आहे. तें बाळ कोणा एका घरचें नव्हे. सातशें ते हजार जन्मांमागें साधारणतः एक, या प्रमाणांत तें जगाच्या सर्व भागांत जन्मास येतें, आणि मावळांतहि येतें. त्याचा वरचा ओंठ दुभंगलेला असतो.

आषाढाचे दिवस आहेत असें समजावें. बाहेर पाऊस कोसळत आहे, भाताची लावणी अर्ध्यावर आली आहे, आणि बाळंतीण दवाखान्यांतून नुकतीच घरीं आली आहे. बाळाच्या वरच्या ओंठाला डाव्या बाजूनें थेट नाकापर्यंत भेग गेली आहे. त्या बाजूची नाकपुडी पसरट होऊन खालीं बसली आहे. बाळ धडधाकट आहे, भुकेनें रडत आहे. पण घरांत आनंदाचा शब्द कोणी काढीत नाहीं. अखेरीस चुलीपाशीं बसलेली आजी बोलते, "गिराणात इळी हातात घेतली व्हती हिनं, म्हणून ह्ये झालं." सून मान खालीं घालते. इतक्यांत गांवची आशाताई दारांत छत्री मिटून आंत येते. ती बाळाला मांडीवर घेते, त्याचें तोंड उघडून टाळू पाहते आणि म्हणते, "आजी, सूनबाईला बोल लावू नका. तिला दिवस गेलेत हे तुम्हाला कळलं, त्याच सुमाराला बाळाचा ओठ पोटात घडूनसुद्धा झाला होता."

आशाताईचें हें बोलणें शास्त्राला धरून आहे. गर्भाचा वरचा ओंठ चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान तयार होतो. दोन्ही गालांकडून येणारे आणि मधून नाकाकडून उतरणारे असे अंकुर एकमेकांस जुळतात आणि त्यांचा एकसंध ओंठ बनतो. हे अंकुर एखाद्या ठिकाणीं जुळावयाचे राहिले, कीं तेथें भेग राहते. टाळूचें सांधणें त्यानंतर, बाराव्या आठवड्याच्या सुमारास पुरें होतें. घरांत ग्रहण पाळण्याची भाषा सुरू होते, त्या वेळीं बहुधा पोट दिसूं लागलेलें असतें, आणि तोंवर ओंठाचें काम केव्हांच आटोपलेलें असतें. विळीचा, सुईचा किंवा ग्रहणाच्या सावलीचा या भेगेशीं कांहींएक संबंध नाहीं. खरीं कारणें संमिश्र आहेत. कांहीं अंशीं तीं आनुवंशिक असतात. कांहीं अंशीं आहारांतील फोलिक ॲसिडची उणीव, तंबाखू, मद्य आणि फेंफऱ्यावरील कांहीं औषधें यांचा त्यांत वांटा असतो. आणि पुष्कळ वेळां कोणतेंच एक कारण बोटानें दाखवितां येत नाहीं. मशेरी हीहि भाजलेली तंबाखूच होय, हें गरोदर स्त्रीनें आणि तिच्या घरच्यांनीं लक्षांत ठेवलेलें बरें. परंतु झाल्या गोष्टीचा दोष आईच्या माथीं मारणें अन्यायाचें तर आहेच, शिवाय तें बाळाच्या नुकसानीचेंहि आहे. ज्या आईला बोल लागतो, ती बाळाला पदराखालीं झांकून ठेवते. आणि झांकलेलें बाळ वेळेवर शस्त्रवैद्यापर्यंत पोंचत नाहीं.

आजीची समजूत पटते, आणि मग ती दुसरा प्रश्न विचारते: "बरं, मग उद्याच शिवून आणावा का?" हाच प्रश्न शहरांतील दिवाणखान्यांतहि विचारला जातो. 'बारशाच्या आंत उरकून टाका, लोकांच्या नजरेस पडावयास नको,' असें तेथें म्हणतात. वाडींतील आजी आणि शहरांतील आजोबा या दोघांचीहि समजूत अशी असते, कीं ओंठ फाटला आहे, तो शिवावयाचा आहे, आणि लवकर शिवला कीं काम संपलें. वस्तुस्थिति तशी नाहीं. भेगेच्या दोन कडा जवळ आणून त्यांना टांके घालणें हें फारसें अवघड नाहीं. पुढें पुन्हां उसवून नीट करावा लागणार नाहीं अशा रीतीनें ओंठ शिवणें, हें अवघड आहे. दुभंगलेल्या ओंठाबरोबर जीं व्यंगें जन्मतः येतात, तीं निराळीं. आणि पहिली शस्त्रक्रिया सदोष झाल्यामुळें जीं व्यंगें त्या ओंठाला जन्मभर चिकटतात, तीं निराळीं. या दुसऱ्या प्रकारचीं व्यंगें पुष्कळशीं टाळतां येतात. तीं कशीं टाळावयाचीं, आणि त्यांत घरच्या माणसांचा वांटा कोणता, हाच आजचा विषय आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेला एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. शिंपी कापडावर खडूनें रेघ ओढल्यावांचून कात्री चालवीत नाहीं. कारण एकदां कातरलेलें कापड पुन्हां जोडलें तरी शिवण दिसते. ओंठाच्या बाबतींत अडचण याहून मोठी आहे. तान्ह्या बाळाच्या ओंठांत कातडी, स्नायु आणि आंतलें अस्तर हीं सारीं मोजकींच असतात. निष्काळजीपणानें त्यांतला एखादा तुकडा कापून टाकला, तर तो परत आणावयास दुसरें दुकान नाहीं. ओंठाच्या तांबड्या भागासारखी त्वचा शरीरावर अन्यत्र कोठेंहि मिळत नाहीं. शिवाय दुसऱ्या वेळीं शस्त्रवैद्याला मूळच्या मऊ मांसांत नव्हे, तर पहिल्या व्रणाच्या कठीण जाळ्यांत काम करावें लागतें. म्हणून पहिला टांका घालण्यापूर्वीं जें मोजमाप होतें, त्यावर पुढचें पुष्कळसें अवलंबून असतें.

आधीं मोजावें आणि मग कापावें, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत तुटलेलें नाक पुन्हां घडविण्याची कृति सांगितली आहे. तींत वैद्यानें प्रथम नाकाच्या मापाचें एक पान घ्यावें आणि त्या मापानेंच गालाची त्वचा उचलावी, असें म्हटलें आहे. त्याच अध्यायांत ओंठ सांधण्याचाहि उल्लेख आहे: नाकाच्याच रीतीनें तो सांधावा, मात्र नाकांत घालावयाच्या नळ्या तेथें लागत नाहींत, इतकाच फरक.

मावळच्या शेजारीं, पुण्याजवळ, हीच परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जिवंत होती. १७९२ च्या लढाईंत इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नांवाचा एक मराठा बैलवाला टिपूच्या हातीं लागला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला कपाळाच्या त्वचेचें नवें नाक करून दिलें. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनीं अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली, आणि तिची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत चित्रासह छापून आली. त्या हकीकतींतील एक बारकावा येथें फार मोलाचा आहे. त्या कारागिरानें प्रथम मेणाची पातळ चकती घेऊन ती उरलेल्या नाकावर बसविली, तिला नाकाचा आकार दिला, मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेनें रेघ ओढली. शस्त्र त्यानंतर चाललें. त्या कारागिराचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. त्याची मोजण्याची शिस्त मात्र त्या मासिकानें युरोपभर पोंचविली, आणि १८१४ सालीं लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें त्याच रीतीनें आपली पहिली शस्त्रक्रिया केली.

ओंठाच्या शस्त्रक्रियेलाहि अखेर हीच शिस्त सांपडली, पण बऱ्याच उशिरानें. पूर्वीं भेगेच्या दोन्ही कडा सरळ किंवा किंचित् वक्र कापून एका रेषेंत जोडीत असत. सरळ व्रण बरा होतांना आक्रसतो. त्यामुळें ओंठ त्या बाजूला आखूड होऊन वर ओढला जाई. १९५२ सालीं अमेरिकेंतील टेनिसन यानें वांकविलेल्या तारेचें माप घेऊन ओंठावर नागमोडी छेद आंखण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें राल्फ मिलार्ड या शस्त्रवैद्यानें, कोरियांत अमेरिकन सैन्याबरोबर असतां, दुभंगलेल्या ओंठाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. त्याच्या ध्यानांत आलें, कीं या ओंठांत कांहीं नाहींसें झालेलें नाहीं. नाकाखालची पन्हळ आणि ओंठाची धनुष्यासारखी कमान बहुतेक सारी शाबूत आहे, फक्त ती भेगेच्या बाजूनें वर ओढली गेली आहे. ती फिरवून खालीं आणावी, आणि त्यामुळें नाकाखालीं पडणारी जागा पलीकडच्या बाजूचें मांस पुढें सरकवून भरावी, ही त्याची युक्ति. १९५५ सालीं स्टॉकहोम येथें भरलेल्या प्लास्टिक सर्जरीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यानें ती मांडली. आज जगभर जे ओंठ शिवले जातात, त्यांतील पुष्कळ या रीतीनें किंवा तिच्यांत सुधारणा करून शिवले जातात. सुश्रुताचें पान, पुण्याच्या कारागिराचें मेण आणि टेनिसनची तार हीं एकाच गोष्टीचीं निरनिराळीं रूपें आहेत.

आतां हीं टाळतां येण्याजोगीं व्यंगें कोणतीं, तीं एकेक पाहूं. त्यासाठीं प्रत्येकानें आरशासमोर उभें राहून स्वतःचा वरचा ओंठ नीट न्याहाळावा. नाकाच्या खालीं मधोमध एक उथळ पन्हळ आहे. तिच्या दोन्ही अंगांस दोन नाजूक उंचवटे आहेत. ते जेथें ओंठाच्या तांबड्या भागाला मिळतात, तेथें धनुष्याच्या कमानीचीं दोन टोंकें दिसतात. तांबडा भाग आणि कातडी यांच्या सीमेवर एक बारीक, किंचित् उचललेली, फिकट रेघ आहे. ही रेघ म्हणजे शस्त्रवैद्याची सरहद्द होय. शिवतांना ती एका मिलिमीटरानें जरी वरखालीं झाली, तरी समोर बसून बोलणाऱ्याच्या डोळ्यांना ती पायरी तत्काळ दिसते. यासाठीं कुशल शस्त्रवैद्य बाळाला भूल दिल्यानंतर, रक्तस्राव कमी करणारें औषध टोंचण्याच्या आधीं, बारीक सुईनें निळ्या रंगाचे ठिपके या सीमेवर गोंदतो. कारण औषध टोंचलें कीं ओंठ सुजतो आणि खुणा हरवतात. निरोगी बाजूची उंची मोजून तेवढीच उंची दुभंगलेल्या बाजूला यावी, अशा बेतानें तो रेघा आंखतो. हें आंखणें प्रत्यक्ष कापण्याइतकाच वेळ घेतें, आणि त्या वेळाची कोणी कुरकुर करूं नये.

पहिलें व्यंग आखूड ओंठाचें. कमान पुरेशी फिरवून खालीं आणली नाहीं, तर ओंठ त्या बाजूला उचललेला राहतो. कमान समपातळींत आल्याची खात्री केल्यावांचून पुढचें काम करूं नये, हा त्यावरील उपाय. दुसरें व्यंग सीमारेषेच्या पायरीचें. निळे ठिपके समोरासमोर आणून घातलेला टांका तें टाळतो. तिसरें व्यंग ओंठाच्या खालच्या कडेला पडणाऱ्या खांचेचें. तोंड मिटलें तरी मधें एक बारीक फट राहते आणि शीळ घालणाऱ्या माणसासारखें तोंड दिसतें. भेगेच्या कडेचा तांबडा भाग निरुपयोगी समजून कापून टाकल्यानें, किंवा कडेपर्यंतचा स्नायु न जोडल्यानें ही खांच पडते. म्हणून शहाणा शस्त्रवैद्य तेथला कण न् कण जपून ठेवतो आणि शेवटीं जो खरोखरच उरेल तोच टाकतो.

चौथें व्यंग वरून दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें सर्वांत फसवें आहे. ओंठांत तोंडाभोंवतीं फिरणारा एक वर्तुळाकार स्नायु असतो. फुंकर घालणें, दूध ओढणें, 'प' आणि 'ब' उच्चारणें हीं त्याचींच कामें. दुभंगलेल्या ओंठांत हें वर्तुळ तुटलेलें असतें आणि स्नायूचीं टोंकें नाकपुडीच्या बुंध्याला व मधल्या पडद्याच्या तळाशीं चुकीच्या जागीं चिकटलेलीं असतात. केवळ कातडी शिवली, तर झोंपलेलें बाळ सुंदर दिसतें. पण तें हंसलें किंवा रडलें, कीं ओंठाच्या एका बाजूला गांठीसारखा फुगवटा येतो आणि नाकपुडी खेंचली जाते. यासाठीं स्नायूचीं टोंकें चुकीच्या जागेहून सोडवून, आडवीं वळवून एकमेकांस जोडावीं लागतात. ओंठाचें खरें शिवणें तें हेंच. वरचे टांके केवळ कडा मिळविण्यापुरते. स्नायु नीट जोडला म्हणजे कातडीवरचा ताण कमी होतो आणि व्रणहि रुंदावत नाहीं.

पांचवें व्यंग नाकाचें. दुभंगलेल्या बाजूची नाकपुडी बसकी राहते. मुलाच्या वाढींत व्यत्यय येईल या भीतीनें पूर्वीं पुष्कळ शस्त्रवैद्य पहिल्या वेळीं नाकाला हात लावीत नसत; आतां ओंठाबरोबरच नाकाची कूर्चा मोकळी करून जागेवर आणण्याकडे कल आहे. मात्र येथें एक सावधगिरी हवी. नाकपुडी रुंद राहिली तर ती पुढें लहान करतां येते. पण पहिल्याच वेळीं ती फार अरुंद केली, तर पुढें मोठी करणें महाकठीण होतें. ज्या बाळाचा ओंठ दोन्ही बाजूंनीं दुभंगलेला असतो, त्याच्या बाबतींत ही दूरदृष्टि अधिकच लागते. मधला तुकडा वयाबरोबर रुंदावतो, म्हणून नाकाखालची पन्हळ प्रारंभीं अरुंदच आंखावी लागते. आज जें बरोबर दिसतें तें दहा वर्षांनीं बरोबर दिसेल कीं नाहीं, हा विचार त्या एका तासांत करावा लागतो.

इतकें सारें शस्त्रवैद्याचें काम झालें. परंतु त्याच्या टेबलावर येणारें बाळ कसें आहे, हें घरच्या माणसांच्या हातीं असतें. उतावीळ आजीला याच ठिकाणीं उत्तर द्यावयाचें आहे. शस्त्रक्रियेचा एक जुना आणि सोपा नियम आहे, त्याला 'दहाचा नियम' म्हणतात: बाळ सुमारें दहा आठवड्यांचें असावें, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो भरावें, आणि रक्तांतील हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावें. बहुतेक ठिकाणीं तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत ओंठ शिवतात. आषाढांत जन्मलेल्या बाळाची वेळ म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराची. तोंवर लावणी उरकलेली असते आणि वाटाहि मोकळ्या झालेल्या असतात. चार दिवसांच्या बाळाचा ओंठ इवलासा असतो. त्यावर मिलिमीटराची चूक मोठी ठरते, आणि भूल सोसण्याची शक्तीहि कमी असते. म्हणून हे तीन महिने वायां जात नाहींत. ते बाळाला पोसण्याचे महिने आहेत.

पोसणें कसें, याचीहि रीत आहे. टाळू शाबूत असून केवळ ओंठ दुभंगलेला असेल, तर बाळ बहुधा आईचें दूध अंगावर पिऊं शकतें. आईच्या स्तनाचा मऊ भाग ती भेग आपोआप झांकतो. टाळूहि दुभंगलेली असेल तर तोंडांत ओढ निर्माण होत नाहीं. मग आईनें दूध काढून तें वाटी-चमच्यानें, किंवा आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीच्या बोंडल्यानें पाजावें. बाळाला आडवें न ठेवतां डोकें उंच धरावें, घोट लहान द्यावेत, आणि मधून मधून खांद्यावर घेऊन ढेंकर काढावी, कारण अशीं बाळें वारा फार गिळतात. आठवड्याला वजन करावें. कांहीं ठिकाणीं पहिल्या आठवड्यांपासून ओंठावर आडवी चिकटपट्टी लावून भेग हळूहळू जवळ आणतात. कोठें तोंडांत एक लहानशी पट्टी बसवून हिरड्या आणि नाकपुडी यांना आकार देतात. नवजात बाळाची कूर्चा ओल्या मातीसारखी मऊ असते, याचा हा उपयोग. भेग अरुंद झाली, कीं ओंठावर ताण पडत नाहीं आणि पुढचीं व्यंगें टळण्यास मदत होते. मात्र या गोष्टी घरच्या घरीं, डॉक्टरांना विचारल्यावांचून करूं नयेत.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवसहि तितकेच जपावयाचे. बाळाचा हात जखमेकडे जाऊं नये, टांक्यांवर दुधाची खपली धरूं नये, आणि टांके सांगितलेल्या दिवशीं, साधारणतः पांच ते सात दिवसांत, काढून घ्यावेत. उशीर झाल्यास त्यांचे डाग राहतात. त्यानंतर एक गोष्ट घडते, तिनें घाबरून जाऊं नये. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत व्रण लाल आणि कठीण होतो व ओंठ किंचित् वर ओढल्यासारखा दिसतो. सहा महिने ते वर्ष या मुदतींत तो बहुधा मऊ पडतो. या काळांत डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें व्रण बोटानें हलके चोळावा, उन्हापासून जपावा आणि ठरलेल्या तारखेला बाळाला दाखवावें. टाळू दुभंगलेली असेल तर ती बोलणें सुरू होण्याच्या सुमारास, साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, शिवावी लागते. कानांची तपासणी, वाचेचे धडे, आठव्या-दहाव्या वर्षीं हिरडीचें काम हें सारें पुढें ओघानें येतें. शस्त्रक्रिया एका दिवसाची असली, तरी उपचार बालपणभर चालतो.

महाराष्ट्रांत या विद्येची परंपरा थोर आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सी. बालकृष्णन यांनीं १९५८ सालीं प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. दुभंगलेल्या ओंठ-टाळूंचें त्यांनीं केलेलें वर्गीकरण आजहि नागपूरच्या नांवानें ओळखलें जातें. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेंत राहिले, पण १९६८ पासून दरसाल मायदेशीं येऊन त्यांनीं गोरगरिबांवर मोफत शस्त्रक्रिया केल्या. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनें त्यांचीं शिबिरें भरविलीं. २००१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०११ सालीं ते वारले. शिबिरांनीं हजारों चेहरे उजळले, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. मात्र शिबिर कोणतेंहि असो, तंबू उठल्यावर त्या मुलाला पुन्हां कोण पाहणार, हा प्रश्न घरच्यांनीं आधींच विचारून ठेवावा. ज्या ओंठाची वाढ कोणी पाहत नाहीं, त्याच्या चुका वेळेवर कळत नाहींत.

आज या प्रश्नाला उत्तर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारींत पालघर येथून झाला. या कार्यक्रमाच्या पथकांनीं अंगणवाडींतील मुलांना वर्षांतून दोनदां आणि शाळेंतील मुलांना एकदां तपासावयाचें असतें. दुभंगलेला ओंठ आणि टाळू हीं त्यांनीं शोधावयाच्या जन्मजात व्यंगांत मोडतात, आणि पुढील उपचार मोफत होतो. नवजात बाळाला घरीं जाऊन पाहण्याचें काम आशाताईचें. मावळांतील आई-बापांनीं एवढेंच करावें, कीं बाळ न झांकतां तिला दाखवावें, आणि ती देईल ती चिठ्ठी घेऊन लोकलमध्यें बसावें.

आणि श्रोत्यांनीं काय करावें? लोणावळ्याच्या बंगल्यांत जी बाई भांडीं घासावयास येते, जो माळी कुंपण कापतो, त्यांच्या घरीं असें बाळ असूं शकतें. त्यांच्या हातावर शंभराची नोट ठेवून हळहळणें सोपें आहे. त्यापेक्षां त्यांना नीट माहिती द्यावी, तपासणीच्या दिवशींची रजा द्यावी आणि त्या दिवसाचा पगार कापूं नये. एका खेपेचा बुडालेला रोज हेंच पुष्कळदां ठरलेली तारीख चुकण्याचें कारण असतें. आणि असें बाळ स्वतःच्याच घरीं जन्मलें, तर बारशाची घाई न करतां, छायाचित्र न लपवतां, तीन महिने त्याला मांडीवर घेऊन पोसावें. शस्त्रवैद्याला, "किती वेळ लागेल?" असें विचारण्याऐवजीं, "स्नायु जोडणार ना? नाकाचें काय करणार? पुढें किती वर्षें पाहणार?" असें विचारावें. जो हें मनापासून समजावून सांगेल, त्याच्या हातीं बाळ द्यावें.

दिवाळी सरते, भात घरांत येतो, आणि आंदर मावळांतलें तें बाळ आईच्या कडेवर बसून लोकलनें परत येतें. ओंठावर एक बारीकशी लाल रेघ आहे. आजी दारांत वाट पाहत असते. ती बाळाची हनुवटी उचलते, कंदिलापाशीं नेऊन तोंड निरखते, आणि बाळ तिच्याकडे पाहून हंसतें. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात. आजी कांहींच बोलत नाहीं. ग्रहणाचा विषय तिनें पुन्हां काढलेला नाहीं. ती फक्त सुनेला म्हणते, "बस गं पोरी, दमली असशील. च्या टाकते."